‘शुक्रवारपर्यंत’ इंग्रजीत कसं लिहायचं: टिल की बाय?

प्रश्न: चाकणच्या एका ऑटो-पार्ट कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाला मेल केला, ‘वुई विल सेंड द सॅम्पल्स टिल फ्रायडे.’ त्यांचं उलट उत्तर आलं, ‘अँड व्हॉट हॅपन्स आफ्टर फ्रायडे?’ साहेब म्हणाले, टिल नको, बाय लिहीत जा. म्हणून पुढच्या आठवड्यात रजेचा मेल टाकला, ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह बाय मंडे.’ तर म्हणे इथे टिल पाहिजे. त्याच दिवशी ‘टिल पेमेंट इज नॉट रिसीव्हड, वुई विल नॉट डिस्पॅच’ या वाक्यावरही लाल रेघ आली. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘पर्यंत’च आहे. मग नियम धरायचा तरी कुठला? आणखी एक, टिल हा अंटिलचा शॉर्ट फॉर्म आहे का? मुलीच्या बाई तसं शिकवतात.
— एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर: साहेबांच्या तिन्ही खुणा बरोबर आहेत, कारण सांगायचं तेवढं राहिलं. आपला ‘पर्यंत’ फक्त हद्द आखून देतो. त्या हद्दीच्या आत काम सतत चालणार की एकदाच उरकणार, हे मराठीत क्रियापदावरून कळतं. ‘सोमवारपर्यंत थांबतो’ आणि ‘सोमवारपर्यंत देतो’ यांत आपला कधीच घोळ होत नाही. थांबणं चालू राहतं, देणं एकदा होतं, एवढं ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इंग्रजीने हे काम क्रियापदावर न सोडता दोन वेगळ्या शब्दांना वाटून दिलंय. काम त्या वेळेपर्यंत चालू राहून तिथे थांबणार असेल तर टिल किंवा अंटिल. त्या वेळेच्या आत कधीतरी एकदाच होऊन जाणार असेल तर बाय.

आता तुमचं पहिलं वाक्य त्या गिऱ्हाइकाच्या कानांनी ऐका. ‘सेंड’च्या पुढे ‘टिल फ्रायडे’ आलं की त्याला ऐकू येतं: पाठवणं शुक्रवारपर्यंत चालू राहील. आज चार नमुने, उद्या चार, परवा चार, आणि शुक्रवारनंतर बंद. मग ‘शुक्रवारनंतर काय?’ असं तो विचारणारच. त्यात खवचटपणा काही नाही. हवं होतं ‘वुई विल सेंड द सॅम्पल्स बाय फ्रायडे.’ रजेचं बरोबर उलट. रजा ही चालू असलेली अवस्था आहे, ती कुठेतरी संपते, म्हणून तिथे टिल.

ही चूक आपल्याकडे इतकी सर्रास का होते आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात का येत नाही, याचं कारण सोपं आहे. हिंदीतला ‘तक’ आणि गुजरातीतला ‘सुधी’ही दोन्ही कामं करतात. त्यामुळे मुंबई-अहमदाबाद-दिल्ली असा मेल कितीही फिरला तरी ‘टिल फ्रायडे’ सगळ्यांना बरोबर कळतं. गंमत म्हणजे जर्मन भाषेतला ‘बिस’ हा शब्दही असाच दुहेरी आहे, आणि जर्मन माणूस इंग्रजी शिकताना नेमका इथेच अडखळतो. तुमच्या पट्ट्यात जर्मन कंपन्या पुष्कळ, त्यांच्याशी असा पत्रव्यवहार बिनबोभाट पार पडत असेल. अडतं ते जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यापाशी.

लिहिताना कसं ठरवायचं, तर इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी वाक्यावरच दोन प्रयोग करा. पहिला: ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पाठवतो’ हे चालतं, म्हणजे बाय. ‘शुक्रवारच्या आत वाट बघतो’ हे कानाला खटकतं, म्हणजे टिल. दुसरा: क्रियापदाला ‘त राहीन’ जोडा. ‘वाट बघत राहीन’, ‘काम करत राहीन’, ‘सांभाळत राहीन’ हे सहज बसतं, म्हणजे टिल. ‘पोचत राहीन’, ‘संपवत राहीन’ हे बसत नाही, म्हणजे बाय. दोन्ही प्रयोगांचं उत्तर एकच आलं की डोळे मिटून लिहा.

कधी कधी दोन्ही बसतात. तिथे चूक-बरोबरचा प्रश्न नसतो, अर्थच बदलतो. ‘रीड द मॅन्युअल टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत वाचत राहा, संपलं नाही तरी चालेल. ‘रीड द मॅन्युअल बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी ते वाचून झालेलं असलं पाहिजे. ‘असणे’ या क्रियापदाचंही तेच. ‘आय विल बी हिअर टिल फाइव्ह’ म्हणजे पाचपर्यंत इथेच आहे, पाचला निघणार. ‘आय विल बी देअर बाय फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आत तिथे पोचतो. ट्रान्सपोर्टवाल्याला यातला चुकीचा शब्द गेला, तर तो पाचला येईल आणि गेट बंद मिळेल.

डिस्पॅचवाल्यांनी खरं घोटून घ्यावं ते नकारार्थी वाक्य. मराठीत म्हणा, ‘माल शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही.’ मग शुक्रवारी तयार असेल का? सांगता येत नाही. म्हणणाऱ्याच्या मनात दोनपैकी काहीही असू शकतं. इंग्रजीत मात्र याची दोन स्वच्छ वाक्यं होतात. ‘द गुड्स वोन्ट बी रेडी अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारच्या आधी नाही, शुक्रवारी तयार होईल. ‘द गुड्स वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडला तरी तयार नसेल, पुढे कधी ते वेगळं सांगू. पहिल्या वाक्याने तुम्ही शुक्रवारचा वायदा करून बसता. दुसऱ्यात वायदा नाही, उलट कबुली आहे. पहिलं वाचून गिऱ्हाईक शुक्रवारी दुपारी ट्रक लावेल. दुसरं वाचून नवी तारीख विचारेल. दुसरं म्हणायचं असताना पहिलं लिहिलं गेलं, तर दोष व्याकरणावर ढकलता येत नाही, पेनल्टी भरावी लागते.

इथे आणखी एक गोष्ट दिसते. एकदाच घडणाऱ्या क्रियापदाला टिल चालत नाही असं वर म्हटलं, पण नकार आला की चालतो. ‘वुई विल शिप टिल फ्रायडे’ चूक, ‘वुई वोन्ट शिप टिल फ्रायडे’ बरोबर. पाठवणं क्षणाचं असतं, पण न पाठवणं चालू राहतं आणि ते शुक्रवारी संपतं. ‘द शॉप डझन्ट ओपन टिल टेन’ हेही तसंच. मराठीत आपण ते सरळ वाक्यात म्हणतो, ‘दुकान दहाला उघडतं’, फार तर ‘दहाशिवाय उघडत नाही’. असा ‘नॉट... अंटिल’ समोर आला की मनात ‘च्या आधी नाही’ असं वाचायची सवय लावा, गोंधळ उरत नाही.

आता तुमचं तिसरं वाक्य. ‘जोपर्यंत पेमेंट येत नाही, तोपर्यंत माल सोडणार नाही.’ मराठीत दोन्ही अंगांना ‘नाही’ लागतो, ती आपली रीत आहे आणि मराठीत ती शंभर टक्के शुद्ध. इंग्रजीत अंटिलच्या बाजूला नकार लागत नाही, कारण अंटिल ज्या घटनेकडे बोट दाखवतो ती घडण्याची घटना असते: पेमेंट येणं. म्हणून ‘वुई विल नॉट डिस्पॅच अंटिल वुई रिसीव्ह द पेमेंट.’ तुमच्या वाक्याचा शब्दशः अर्थ काढला तर निघतो, ‘पेमेंट न येण्याची वेळ येईपर्यंत माल पाठवणार नाही.’ म्हणजे उलटाच. समजूतदार माणूस समजून घेतो, पण करारात असं वाक्य ठेवू नये. आणि दुसरं अंग होकारार्थी असलं तरी हाच नियम: ‘पैसे मिळत नाहीत तोपर्यंत माल आमच्याकडे राहील’ हे ‘द गुड्स विल स्टे विथ अस अंटिल वुई आर पेड’ असं होतं. मराठीतला ‘नाही’ इंग्रजीत जात नाही.

याच वाक्यात काळाचीही एक खोड आहे. अंटिल, बाय द टाइम, व्हेन, बिफोर यांच्या मागून येणाऱ्या भागात ‘विल’ येत नाही, गोष्ट भविष्यातली असली तरी. ‘अंटिल यू विल कन्फर्म’ चूक, ‘अंटिल यू कन्फर्म’ बरोबर. ‘विल’ एकदाच, मुख्य वाक्यात. पेमेंट पूर्ण जमा झाल्यावरच, असा जोर द्यायचा असेल तर ‘अंटिल वुई हॅव रिसीव्हड द फुल पेमेंट’ लिहा. मराठीतल्या ‘मिळेपर्यंत’ आणि ‘मिळून जाईपर्यंत’ यांत जेवढा फरक आहे, तेवढाच तिथे आहे.

‘अंटिल अँड अनलेस’ ही जोडगोळी सरकारी पत्रांतून आपल्या बोटांत शिरली आहे. वकिलांच्या मसुद्यात तिचा क्रम सहसा उलटा असतो, ‘अनलेस अँड अंटिल’, आणि तिथे तिला थोडंफार काम असतं. मेलमध्ये एकच पुरतो. कुठला, तेही ठरलेलं आहे. घटना होणार हे नक्की, फक्त वाट बघायची, तर अंटिल. होईल की नाही हेच ठाऊक नाही, तर अनलेस. ‘पैसे आले की सोडू’ याला अंटिल. ‘पैसे आले तरच सोडू, नाही तर ऑर्डर रद्द’ याला अनलेस. गिऱ्हाइकावर विश्वास आहे का, हे या एका शब्दातून त्याला कळतं, तेव्हा जपून निवडा.

‘जोपर्यंत’चा दुसरा चेहराही ओळखून ठेवा. ‘जोपर्यंत मी इथे आहे, तोपर्यंत काळजी करू नका’ याचं आपल्याकडे हमखास ‘टिल आय अ‍ॅम हिअर, डोन्ट वरी’ होतं. ते चूक. इथे शेवट दाखवायचा नाही, दोन गोष्टी बरोबरीने चालतात एवढंच सांगायचं आहे. त्याला ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय अ‍ॅम हिअर’. ओळखायची खूण मराठीतच आहे: ‘जोपर्यंत’च्या मागे ‘आहे’ किंवा होकारार्थी क्रियापद असेल तर अ‍ॅज लाँग अ‍ॅज, ‘नाही’ असेल तर अंटिल. आणि ‘साहेब येतायत, तोपर्यंत चहा घ्या’ यातला ‘तोपर्यंत’ टिलही नाही आणि बायही नाही. तो ‘इन द मीनटाइम’, म्हणजे दरम्यान.

बायबरोबर काळ कुठला वापरायचा, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो लवकरच येईल. बाय म्हणजे त्या वेळी उभं राहून मागे वळून बघणं. म्हणून त्याच्या जोडीला ‘हॅड’ किंवा ‘विल हॅव’ वारंवार येतात. गोव्याचं उदाहरण घ्या. ‘गोवा रिमेन्ड अंडर पोर्तुगीज रूल अंटिल १९६१’, राज्य चालू राहिलं आणि १९६१ मध्ये संपलं. ‘बाय १९६१, द पोर्तुगीज हॅड बीन इन गोवा फॉर ४५० इयर्स’, १९६१ मध्ये उभं राहून १५१० कडे बघितलं. पहिलं वाक्य शेवट सांगतं, दुसरं तोवर साचलेला हिशेब. तुमच्या कामात हेच ‘बाय फ्रायडे वुई विल हॅव पॅक्ड ऑल ट्वेल्व्ह पॅलेट्स’ असं येईल: शुक्रवारी बघाल तेव्हा बाराही पॅलेट बांधून झालेले असतील. साधं ‘विल पॅक’ लिहिलंत तरी चूक नाही, ‘विल हॅव पॅक्ड’मध्ये झाल्याची हमी जास्त.

शब्द बरोबर निवडला तरी तारखेचा घोळ उरतोच. ‘ऑन लीव्ह टिल मंडे’ वाचणारे दोघे दोन अर्थ काढतात. एक म्हणतो सोमवारीही रजा, दुसरा म्हणतो सोमवारी हजर. दोघांचीही चूक नाही, टिल यात शेवटचा दिवस धरतो की सोडतो हे इंग्रजीत पक्कं नाहीच. अमेरिकेत यावर ‘थ्रू’ वापरतात: ‘मंडे थ्रू फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवार धरूनच. ब्रिटनमध्ये तो तितका रुळलेला नाही, तिथे ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ किंवा ‘इन्क्लूसिव्ह’ लिहितात. रजेच्या मेलला सगळ्यात सुरक्षित म्हणजे शेवटाऐवजी परतीचा दिवस सांगणं: ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह फ्रॉम थर्सडे १२ जून टू मंडे १६ जून. आय विल बी बॅक अ‍ॅट वर्क ऑन ट्यूजडे १७ जून.’ वार आणि तारीख दोन्ही द्या, एकात चूक झाली तर दुसऱ्यावरून पकडली जाते. महिना अक्षरांत लिहा. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ५ जून, अमेरिकेत ६ मे.

बाय यात तो दिवस धरलेला असतो. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार चालतो, ‘बिफोर फ्रायडे’ म्हणजे गुरुवार संपायच्या आत. पण शुक्रवारी किती वाजता? पाठवणारा रात्री पावणेबाराला मेल टाकून मोकळा होतो आणि घेणाऱ्याने तीनला मीटिंग ठेवलेली असते. तेव्हा वेळ लिहा, आणि कुठली वेळ तेही. ‘ईओडी’ (एंड ऑफ डे, म्हणजे दिवसअखेर) नुसतं लिहून भागत नाही. न्यू यॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात मध्यरात्रीनंतरचे अडीच झालेले असतात, म्हणजे त्यांचा शुक्रवार संपताना आपला शनिवार सुरू झालेला असतो. ‘आयएसटी’ लिहावं तर आयर्लंड आणि इस्रायलही आपल्या वेळेला तीच अक्षरं लावतात. ‘बाय ५ पीएम इंडिया टाइम, फ्रायडे १३ जून’, एवढं लांब लिहायला कंटाळा करू नका.

‘तीन दिवसांत देतो’ याचं ‘इन थ्री डेज’ करणं हाही असाच सापळा आहे. इंग्रजाला ‘इन थ्री डेज’ ऐकू येतं ते ‘तीन दिवसांनी’. ‘तीन दिवसांच्या आत’ म्हणायचं तर ‘विदिन थ्री डेज’. आणि ‘आफ्टर थ्री डेज’ म्हणजे तीन दिवस उलटल्यावर कधीही, चौथ्या दिवशी किंवा चाळिसाव्या.

कायद्याच्या कागदात ही मोजणी आणखी काटेकोर होते. आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये कलम ९ आहे: केंद्रीय कायद्यात ‘फ्रॉम’ लिहिलं की पहिला दिवस सोडायचा, ‘टू’ लिहिलं की शेवटचा धरायचा. कलम १० म्हणतं, शेवटच्या दिवशी कोर्ट किंवा कार्यालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरायचं. पण हे कायद्याच्या भाषेपुरतं. दोन माणसांच्या खासगी करारात शेवटचा दिवस धरला की नाही, हे कागदावरच्या शब्दांवरून ठरतं. घराचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करत असाल तर टिल घालूच नका. ‘कमेन्सिंग ऑन १ जून अँड एंडिंग ऑन ३० एप्रिल’, दोन्ही दिवस धरून. १ मे लिहिलात तर एक दिवस जास्तीचा झाला, आणि तो कुणाचा यावर डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी वाद होतो. औषधाच्या पाकिटावर एक्सपायरीला नुसता महिना आणि वर्ष असतं, तिथे त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा, असं नियमातच सांगून ठेवलंय.

वेळेचं झालं, पण ‘पर्यंत’ अंतरालाही लागतो, आणि तिथे टिल मुळीच चालत नाही. ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ याला ‘टू द स्टेशन’ किंवा ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द स्टेशन’. ‘ही गाडी कर्जतपर्यंतच आहे’ याला ‘ओन्ली अ‍ॅज फार अ‍ॅज कर्जत’. ‘टिल कर्जत’ ऐकून इंग्रज एवढंच म्हणेल की कर्जत येईपर्यंत काहीतरी चालू राहणार, काय ते कळेना. आकड्यांना ‘अप टू’: ‘पन्नास हजारांपर्यंत’ म्हणजे ‘अप टू फिफ्टी थाउजंड’. हे दोन शब्द आहेत, मध्ये जागा सोडायची. आपल्याकडच्या सेलच्या पाट्यांवर ते जोडून छापतात, त्यांचं बघून लिहू नका. माणसांच्या बाबतीत तर वाक्यच बदलावं लागतं. ‘तक्रार माझ्यापर्यंत आलीच नाही’ याला ‘द कम्प्लेंट नेव्हर रीच्ड मी’. ‘हे तुमच्यापर्यंतच ठेवा’ याला ‘कीप धिस टु युवरसेल्फ’.

‘आतापर्यंत’ हा एकटाच चार घरं फिरतो. ‘आतापर्यंत तीन वेळा सांगितलं’ याला ‘सो फार’. ‘आतापर्यंत पोचला असेल’ याला ‘बाय नाऊ’. ‘आतापर्यंत आला नाही’ याला ‘ही हॅझन्ट कम येट’. उरलेल्या चौथ्या घरात, ‘आतापर्यंत आपण हाच सप्लायर वापरत होतो’ इथे, ‘टिल नाऊ’ शोभतो, पण त्यात बदलाची चाहूल असते. वाचणारा पुढच्या ओळीत नव्या सप्लायरचं नाव शोधेल. काही बदलणार नसेल तर ‘सो फार’ लिहा.

आकडेवारीच्या पत्रकांत येणारा ‘टिल डेट’ हा भारतीय इंग्रजीचा शब्द. भारतात बिनदिक्कत वापरा, सगळ्यांना कळतो. बाहेर पाठवायच्या कागदात ‘टू डेट’ करा. ‘लेटेस्ट बाय फ्रायडे’ही आपलाच. तिकडे ‘बाय फ्रायडे अ‍ॅट द लेटेस्ट’ म्हणतात, किंवा औपचारिक पत्रात ‘ऑन ऑर बिफोर १३ जून’. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी ‘विल शेअर टिल ईओडी’ लिहिलं तर सुधारत बसू नका. तिथे ते चालू नाणं आहे. हा सगळा काटेकोरपणा गिऱ्हाइकाच्या मेलसाठी, करारासाठी आणि मुलाखतीसाठी राखून ठेवा.

राहिला बाईंचा मुद्दा. टिल हा अंटिलचा शॉर्ट फॉर्म नाही, टिलच थोरला. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेजवळ रुथवेल इथे आठव्या शतकातला दगडी क्रूस आहे, त्यावर रून लिपीत कोरलेल्या ओळींत ‘टिल’ सापडतो, ‘कडे’ या अर्थाने. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या भाषेतही तोच शब्द होता. त्याच्यापुढे ‘उंड’ हा ‘पर्यंत’ अर्थाचाच जुना शब्द जोडून अंटिल मागाहून झाला, म्हणजे एका शब्दात दोनदा ‘पर्यंत’. अर्थाने दोघे सारखे. बोलण्यात टिल जास्त, लेखी मजकुरात आणि वाक्याच्या सुरुवातीला अंटिल बरा दिसतो. दुकानाच्या गल्ल्यालाही इंग्लंडात टिल म्हणतात आणि शेत नांगरण्यालाही. त्यातला नांगरण्याचा टिल मुळात याचाच दूरचा नातलग आहे. स्पेलिंग तेवढं मुलीकडून नीट घोटून घ्या: टिलला शेवटी दोन एल, अंटिलला एकच. टिलच्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण टाकून एकच एल लिहिलेला प्रकार जाहिरातींत आणि गाण्यांच्या नावांत दिसतो, पण शाळेच्या पेपरात तो नको, आणि अंटिलला दोन एल दिले तर मार्क जाणार.